दाव्याशिवाय नाव

शालिकराम धोट्याच्या घरी मी पहिल्यांदा गेलो तो भांडायला. एकोणऐंशी सालचा उन्हाळा होता. आमच्या नंदनवन वस्तीत नळाला करंगळीएवढं पाणी यायचं, तेही दिवसाआड, आणि आम्ही काही जण त्या पाण्यासाठी महापालिकेच्या पायऱ्या झिजवत होतो. अशात एकाने येऊन सांगितलं, मागच्या गल्लीत कुण्या माणसाने दारात नाव आणून ठेवली आहे आणि रोज तो तिला पाणी पाजतो. नाव, नागपुरात, आणि पाणी पाजतो. मी सायकल काढली.

बातमी खोटी नव्हती. दोन चाकांच्या ट्रेलरवर एक जुनी लाकडी नाव उभी होती, निळ्या रंगाचे पोपडे सुटलेली. शेजारी भिंतीला तिची डोलकाठी टेकवली होती, ती पार छपरावरून पुढे गेली होती. नावेच्या पोटात ओली पोती अंथरलेली. बनियन घातलेला एक किडकिडीत माणूस बादलीतून पाणी घेऊन पोत्यांवर शिंपडत होता. मी दुरूनच सुरुवात केली. बायका भर उन्हात रांगेत उभ्या आहेत, लेकरांना अंघोळीला पाणी नाही, आणि तुम्ही लाकडं धुऊन राहिले, वगैरे जे तोंडाला आलं ते सगळं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग बादली माझ्यापुढे धरली.

"चाखून पाहा."

चाखलं. मचूळ, खारट. गल्लीच्या टोकाला जी पडकी विहीर होती, जिच्या पाण्याला गाय तोंड लावत नव्हती, त्या विहिरीचं पाणी.

"लाकूड पिऊन राहिलं," तो म्हणाला. "त्याले चव नाही समजत."

बातमी देणाऱ्याची मी नंतर खरडपट्टी काढली. पण त्या दिवशी शालिकरामच्या ओट्यावर चहा पिऊन उठलो तेव्हा निम्मी हकीकत कळली होती. उरलेली निम्मी मी डोळ्यांनी पाहिली.

पाणी शिंपडण्याचं कारण साधं होतं. नाव बरीच वर्षं उन्हात कोरडी उभी होती. लाकूड आटलं, फळ्यांच्या सांध्यांत फटी पडल्या. तशीच तलावात घातली असती तर चाळणीसारखी बुडाली असती. बैलबंडीचं चाक सैल झालं की शेतकरी ते डोहात बुडवून ठेवतो, लाकूड फुगतं आणि लोखंडी धाव पुन्हा घट्ट बसते. तोच हा प्रकार. फरक एवढाच की नंदनवनात डोह नव्हता.

शालिकराम मूळचा नरखेड तालुक्यातला. घरी संत्र्याची बाग, थोडी मोसंबी, थोडी पऱ्हाटी म्हणजे कपाशी. दोघं भाऊ. थोरले बाबाराव बाग पाहायचे आणि धाकट्यालाही तेच करायचं होतं. पण विशीच्या आत तो मित्राबरोबर नागपूरला सर्कस पाहायला आला आणि नौदलात भरती होऊन गेला. कसल्या रांगेत उभा आहे हेच पहिल्यांदा कळलं नाही, असं तो सांगे. कळलं तेव्हा छाती मोजून झाली होती.

त्याला वाटलं होतं, जहाज म्हणजे समुद्र. त्यांनी त्याला बॉयलरवर टाकलं. जहाजाच्या पोटात, पाण्याच्या पातळीच्या खाली, जिथे खिडकी नाही आणि वारा म्हणजे पंख्याचा. दहा वर्षं तो तिथे होता. सुटीवर गावी यायचा तेव्हा पारावरचे लोक गोळा होऊन विचारायचे, काहून गा शालिक, समुद्र कसा असते? तो म्हणायचा, "गरम." लोक हसायचे. त्यांना वाटायचं, जहाजवाल्याची मस्करी आहे. मस्करी नव्हती. त्याने जो समुद्र पाहिला होता तो गरमच होता.

नौदल सुटलं आणि तो नागपूरला एका गिरणीत लागला. कशावर, तर बॉयलरवर. हाताला तेच काम माहीत होतं. आगीतून फुफाट्यात जाणारे लोक मी पुष्कळ पाहिले. हा आगीतून निघून सरळ दुसऱ्या आगीसमोर उभा राहिला आणि त्याबद्दल त्याने कुणाकडे तक्रार केली नाही. मला अशा माणसांचा राग येतो. आमच्या कामगार युनियनला अशांमुळेच दिवस वाईट आले. पण याने एक गोष्ट मनात धरून ठेवली होती. एकदा कोचीनच्या बंदरात त्याला वर डेकवर दम घ्यायला सोडलं होतं. समोरून एक लहानशी शिडाची नाव गेली. आवाज नाही, धूर नाही. आत एक माणूस, एका हातात सुकाणू, दुसऱ्या हातात दोर.

"त्याच्या अंगातला शर्ट कोरडा होता," शालिकराम मला म्हणाला. बाकी काही सांगितलं नाही. बॉयलरवर काम केलेल्या माणसाला आणखी सांगावं लागत नाही.

नागपुरात एका तलावावर रविवारी शिडं निघायची. तलावाचं आणि तिथल्या क्लबचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही; त्यातले काही लोक अजून आहेत आणि मला भांडायला दुसरे विषय पुष्कळ आहेत. शालिकराम बांधावर बसून फुटाणे खात शिडं पाहायचा. तिथेच त्याची डिमेलो साहेबांशी ओळख झाली. डिमेलो रेल्वेतले निवृत्त इंजिनियर, राहायला मोहननगरात, बायको वारलेली. गुडघे गेले म्हणून त्यांनी नाव घरी नेऊन अंगणात उभी केली होती, पण रविवार सुटत नव्हता. काठी टेकत बांधावर यायचे आणि दुसऱ्यांच्या शिडांना नावं ठेवायचे. शालिकराम शेजारी बसून ऐकायचा.

नाव विकायची आहे हे कळल्यावर पहिला गिऱ्हाईक आला तो एक हॉटेलवाला. त्याला ती वर्धा रोडवर हॉटेलसमोर उभी करून आत फुलझाडं लावायची होती. डिमेलोंनी त्याला गेटच्या आत घेतलं नाही. शालिकरामला मात्र त्यांनी किंमत न सांगता आधी शिकवायला घेतलं. अंगणातच. ट्रेलरवर उभ्या नावेत डोलकाठी चढवायची, शीड ओढायचं, आणि वारा आला की डिमेलो खुर्चीतून ओरडायचे, दोर छोड, अब खींच, सुकाणू इधर. मोहननगरची पोरं कुंपणावर बसून पाहायची. जमिनीवर उभ्या नावेत बसून शालिकराम सगळं शिकला. फक्त पाणी तेवढं नव्हतं.

मग खरेदी ठरली. आता आमच्याकडची रीत अशी की बैलजोडी घ्यायची तर घरातला मोठा माणूस सोबत लागतो. नाव त्यातच धरली गेली. बाबाराव एसटीने आले, धोतर, टोपी, खांद्यावर दुपट्टा, हातात मोसंब्यांची थैली. त्यांनी नावेला फेरी मारली. खाली वाकून बूड पाहिलं. फळ्यांवर बोटांनी ठोकून कान लावला. मग बैलबाजारातला पहिला प्रश्न विचारला, "खोड काय?"

डिमेलोंनी सरळ सांगितलं, गळते. भिजवली की गळायची थांबते. आणि वारा पाठीमागून असला की हट्टी होते, लवकर वळत नाही. बाबारावांना हे आवडलं. खोड सांगून विकणारा माणूस बाजारात शंभरात एक. त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, डिमेलोंच्या हातावर टाकला आणि खालून त्यांची बोटं धरली. डिमेलोंनी दचकून हात मागे घेतला. शालिकरामने समजावलं, भाव असाच होतो साहेब, बोटांनी, चारचौघांना कळू नये म्हणून. तिथे चारचौघं नव्हतेच, पण डिमेलो हसले आणि हात परत दुपट्ट्याखाली घातला. कोणतं बोट दाबलं की काय होतं हे त्यांना कुठे माहीत? ते जे दाबतील त्याने किंमत खालीच येऊ लागली. शेवटी बाबारावांनीच ती आपल्या हाताने वर नेली. नंतर ते मला म्हणाले, "अडाण्याले लुटलं तं बाजारात तोंड दाखवता येत नाही."

इथवर सगळं चांगलं चाललं होतं. मग डिमेलो आत गेले आणि दोर घेऊन आले. पांढरे, बारीक, मुंबईहून आणलेले नायलॉनचे दोर, एकेक वेटोळं करून बांधलेला, प्रत्येक टोक धाग्याने गुंडाळलेलं. त्या माणसाने नावेपेक्षा दोरांची निगा जास्त राखली होती. त्यांनी ते दोन्ही हातांनी पुढे केले.

बाबारावांनी हात जोडले. "दावं नको साहेब. दावं तुमचं तुमच्याच घरी राहू द्या."

डिमेलोंनी विचारलं, का, सडलं आहे का? बाबाराव म्हणाले, तसं नाही, आम्ही दावं घेत नसतो. आणि ते गप्प झाले. त्यांना वाटलं, हे जगाला माहीत आहे. डिमेलोंना वाटलं, या माणसाने आपल्या दोरांना नाव ठेवलं. मध्ये उभ्या शालिकरामला दोन्हीकडचं कळत होतं, पण थोरल्या भावाने एकदा नाही म्हटल्यावर त्याच्यापुढे धाकटा बोलत नाही. डिमेलो दोर घेऊन आत गेले आणि दार लावून घेतलं. संत्र्याच्या आडतीच्या टेम्पोला ट्रेलर बांधून दोघा भावांनी नाव नंदनवनात आणली. मोसंब्यांची थैली डिमेलोंच्या ओट्यावरच राहिली.

शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. आमच्या भागात जनावर विकतात, दावं विकत नाहीत. बैलाच्या गळ्यातला दोर सोडून विकणारा तो घरी ठेवतो आणि घेणारा आपलं नवं दावं घेऊन येतो. दाव्यासोबत गोठ्यातली लक्ष्मी जाते. जो विकणाऱ्याचं दावं नेतो तो त्याचं घर बुडवतो. म्हणजे बाबारावांनी डिमेलोंवर उपकार केला होता. फक्त डिमेलोंना तो पोचला नाही.

नवं दावं बाबारावांनी स्वतः वळलं. शेताच्या धुऱ्यावरची अंबाडी, घरी सोललेली, घरी वळलेली. पिवळा, मऊ, देखणा दोर होता. नायलॉनपेक्षा जाड. डोलकाठीच्या टोकाला जी कप्पी असते, जिच्यावरून शीड चढतं आणि उतरतं, तिच्यातून तो जेमतेम गेला. पण गेला. कोरडा होता तोवर छान चालला.

शालिकरामची बायको पंचफुला हे सगळं चुलीपाशी बसून पाहत होती. "माह्या लग्नात मले पाहाले आले तं अर्ध्या तासात उठले," ती मला म्हणाली. "या लाकडाले महिनाभर ठोकून पाहिलं." तरी पोती भिजवायला विहिरीचं पाणी तीच जास्त ओढायची.

आता प्रश्न होता तलावाचा. नाव ठेवायची कुठे? दर रविवारी नंदनवनातून ट्रेलर ओढत नेणं परवडणारं नव्हतं. क्लबच्या घाटाजवळ आवार होतं, तिथेच सगळ्यांच्या नावा असायच्या. मी म्हटलं, मी येतो बोलायला. शालिकराम मला नेऊ की नको या विचारात होता, हे मला दिसत होतं. पण मी गेलोच.

सेक्रेटरी गोरागोमटा, मऊ बोलणारा. म्हणाला, जागा सभासदांना असते, नावेला नसते. मी विचारलं, तलाव कुणाच्या पैशाने बांधला? ते जुनं आहे म्हणाला. मग मी आवाज चढवला. म्हटलं, या गरिबाला जागा देत नसाल तर नाव महापालिकेच्या दारात नेऊन उभी करतो, आत माणसं बसवतो आणि वल्हं मारत बसतो, पेपरवाल्यांना बोलावतो. सेक्रेटरीने आत जाऊन दोघातिघांशी सल्लामसलत केली आणि अट घालून बाहेर आला. रविवारी कमिटीसमोर नाव एकट्याने न्यायची, वल्हं न मारता, तलावाच्या मध्ये तरंगतं पिंप आहे त्याला वळसा घालायचा आणि घाटाला आणून लावायची. जमलं तर जागा. नाही जमलं तर पुन्हा विचारायला यायचं नाही.

"मंजूर," मी म्हटलं.

बाहेर आल्यावर शालिकराम मला म्हणाला, "भाऊ, नाव माही होती." मी म्हटलं, मग काय झालं, तुला येत नाही का? तो म्हणाला, येते, पण मी आजवर पाण्यात चालवली नाही.

श्रावणातला तो रविवार होता. बाबाराव आदल्या दिवशीच आले होते. पंचफुलाने ट्रेलरच्या दांड्याला हळद लावली, पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला लावतात तशी. कमिटीची माणसं खुर्च्या टाकून बसली. घाटावर त्यांची बायकापोरं, बांधावर आमच्या गल्लीतली माणसं. डिमेलो आले होते, पण आमच्याकडे न पाहता एका बाजूला काठीवर हनुवटी टेकवून उभे राहिले.

नाव पाण्यात घातली. गळली नाही. शीड वर गेलं, थोडं अडखळत, पण गेलं. आणि शालिकराम निघाला. पाण्यावरची ती पहिलीच खेप, पण मला काही वेगळं दिसलं नाही. मोहननगरच्या अंगणात जसा बसत असेल तसाच तो बसला होता. वारा चांगला होता. पिंपापर्यंत तो सरळ गेला, वळला, आणि वळताना पावसाची एक सर आली. श्रावणातली सर, आली तशी गेली. आम्ही भिजलो, वाळलोही. अंबाडी मात्र भिजली ती फुगली.

परतताना वारा पाठीमागून होता. घाट जवळ आला की शीड खाली घ्यायचं, म्हणजे नाव मंदावते आणि हळूच टेकते. शालिकरामने दोर सोडला. शीड खाली आलं नाही. त्याने दोर हिसकला. तरी नाही. कप्पीत दोर असा आवळून बसला होता की जणू लोखंडात लाकूड ठोकलं आहे. नाव भरल्या शिडाने घाटाकडे येत होती आणि घाटाच्या पायऱ्यांवर सेक्रेटरीची दोन लेकरं पाण्यात पाय सोडून बसली होती. डिमेलो काठी उगारून ओरडले, "काट दो!" पण कापायला चाकू नव्हता.

शालिकरामने सुकाणू सगळं एका अंगाला ढकललं. नाव हट्टी होती, लगेच वळली नाही. वळली तेव्हा घाटापासून दोन बैलबंड्यांचं अंतर राहिलं असेल. ती शेजारच्या बेशरमाच्या रानात घुसली. बेशरम ही झुडपं विदर्भातल्या प्रत्येक तळ्याच्या काठाला माजलेली असतात. कापली तरी वाढतात म्हणून ते नाव. त्या दिवशी त्यांनी नाव झेलली. डोलकाठी वाकली, मोडली नाही. बाबाराव धोतर वर खोचून चिखलात उतरले आणि दोघा भावांनी नाव ओढून काढली.

सेक्रेटरी म्हणाला, "घाटाला लागली नाही."

मी काय बोललो ते इथे लिहीत नाही. शालिकरामने मला हाताने मागे केलं आणि सेक्रेटरीला सांगितलं, "घाटावर लेकरं होती." सेक्रेटरी म्हणाला, ते ठीक आहे, पण अट ती अट.

तेवढ्यात डिमेलो काठी टेकत नावेपाशी आले. त्यांनी वर कप्पीकडे पाहिलं, मग खाली लोंबणारा पिवळा दोर हातात घेऊन पिळला. पाणी निघालं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते बाबारावांशी बोलले. माझा दोर सडका म्हणून नाकारलात, आणि हा बांधलात?

बाबाराव गुडघ्यापर्यंत चिखलात होते. टोपी कुठे पडली होती कुणास ठाऊक. ते म्हणाले, "साहेब, आमी तुमच्या दोराले सडका नाही म्हटलं. बैल विकला तरी दावं घरीच ठेवतो आमी. ते गेलं तं घरातली लक्ष्मी जाते. तुमची लक्ष्मी मी कायले नेऊ?"

डिमेलो म्हणाले, "मेरे घर में तो बैल नहीं हैं, बाबारावजी. अकेला आदमी हूँ."

"घर तं आहे ना," बाबाराव म्हणाले.

डिमेलोंनी तो ओला दोर हातातून खाली ठेवला नाही. तसेच सेक्रेटरीकडे वळून म्हणाले, खोड मी सांगितली, पण दोर कसा लागतो ते सांगितलं नाही, रागात होतो. चूक विकणाऱ्याची आहे. पुढच्या रविवारी पुन्हा. सेक्रेटरीने मान हलवली. डिमेलो क्लबच्या पहिल्या सभासदांपैकी. त्यांना नाही म्हणणं सोपं नव्हतं. आम्हाला सोपं होतं.

तरी दोराचा प्रश्न राहिलाच. बाबाराव डिमेलोंचा नायलॉन घ्यायला तयार नव्हते आणि अंबाडी तर चालत नाही हे सगळ्यांनी पाहिलं होतं. मी म्हटलं, इतवारीच्या बाजारातून नवा नायलॉन आणू, वाद संपला. तर डिमेलोंना ते पटेना. म्हणे, बाजारचा दोर कुणी कसा ठेवला असेल, सांगता येत नाही. दोघं म्हातारे हट्टाला पेटले. आपापल्या परीने दोघंही त्या नावेचं भलंच पाहत होते, म्हणून मी पहिल्यांदाच भांडण मिटायची वाट पाहत गप्प बसलो. तोड बाबारावांनी काढली, तीही तंबाखू मळून झाल्यावर. ते म्हणाले, दावं विकत नाहीत, घेत नाहीत. पण दाव्याला दावं बदललं तर? अंबाडीचं तुमच्या घरी, तुमचं आमच्या घरी. दोन्ही घरी दावं राहिलं. कुणाचं काही गेलं नाही. शालिकराम म्हणाला, असं गावात कुणी करते का दादा? बाबाराव म्हणाले, "गावात नाव कोण घेते?"

मोहननगरात जाऊन बाबारावांनी अंबाडीचं दावं, वाळवून, वेटोळं करून, डिमेलोंच्या हातात ठेवलं आणि त्यांचे दोर कपाळाला लावून घेतले.

पुढच्या रविवारी वारा पडला.

सकाळी निघताना थोडा होता. शालिकराम पिंपाला वळसा घालून झाला आणि शीड पडद्यासारखं लोंबायला लागलं. नाव तलावाच्या मध्यावर थांबली. वल्हं आत होतं, पण ते मारायचं नव्हतं. आम्ही बांधावरून पाहत राहिलो. ऊन चढलं. कमिटीतला एकेक जण घड्याळ पाहून उठला. जेवणाची वेळ झाल्यावर सेक्रेटरीही उठला आणि जाताना मला म्हणाला, आता तुम्हीच ठरवा. मी ठरवलं होतं ते दुसरंच, पण पंचफुलाने मला डब्यातली भाकर दिली आणि बसवलं. बाबाराव बांधावर आडवे झाले. डिमेलो खुर्चीतून हलले नाहीत.

शालिकराम नावेत बसून होता. एक हात सुकाणूवर, एका हातात दोर. त्याला हाका मारल्या, त्याने हात वर केला आणि पुन्हा तसाच बसला. उन्हं उतरायला लागली तेव्हा पश्चिमेकडून झुळूक आली. शीड भरलं. नाव आली, घाटाजवळ शीड सर्रकन खाली आलं, आणि ती पायरीला टेकली. आवाजही झाला नाही. डिमेलोंनी काठीचं टोक नावेला लावलं. "लगी," ते म्हणाले.

पंचफुलाने पायरीवर उतरून विचारलं, अवं माय, एवढा वेळ काय केलं त्या पाण्यात बसून. शालिकराम म्हणाला, काही नाही, बसलो. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवून पाहिला. दिवसभर उघड्यावर बसला होता तो माणूस.

"शर्ट तं कोरडाच आहे."

"हाव," तो म्हणाला.

सोमवारी सेक्रेटरी म्हणाला, कमिटीपैकी कुणी हजर नव्हतं, कशावरून घाटाला लागली? डिमेलोंनी विचारलं, मग मी कोण होतो, भूत? जागा मिळाली. सगळ्यात टोकाची, नाल्याच्या बाजूची, जिथे डास होते. ते मी लक्षात ठेवलं आहे. शालिकरामला त्याचं काही वाटलं नाही; त्याला दर रविवारी तलाव मिळाला. पुढे गिरणी बंद पडली, आम्ही मोर्चे काढले, तो मोर्चालाही यायचा, पण रविवारचा ठेवला तर येत नसे. मी त्यावर त्याला बोललो आहे. त्याने ऐकून घेतलं आणि आला नाही.

डिमेलो असेपर्यंत बाबाराव दर वर्षी पोळ्यानंतर मोसंब्यांची थैली घेऊन मोहननगरात जायचे. एकदा मीही गेलो होतो. व्हरांड्यात दोन खांबांना ते अंबाडीचं दावं ताणून बांधलेलं होतं आणि त्यावर डिमेलोंची पँट वाळत होती. बाबारावांनी थैली खाली ठेवली.

"साहेब," ते म्हणाले, "दाव्यावर पँट वाळवत नसतात."

डिमेलोंनी उठून पँट काढली आणि कुंपणाच्या तारेवर टाकली.